अकरा नावांची फाइल

अमरदीप गमरेला चिडायला वेळ लागत नाही, हे सावर्ड्याच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. हायवेला लागून त्याचं कॉम्प्युटर आणि प्रिंटर दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक आत येतं, मशीन काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "आपण काही केलं नाही, आपोआप बंद पडलं." तिथेच अमरदीपच्या कपाळाची शीर उठते. आपोआप काही होत नाही, असं त्याचं ठाम मत. अठरा वर्षं त्याने मुंबईत एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये गारठून काढली आणि तिथून एवढी एक गोष्ट तो पक्की शिकून आला, की मशीन सांगितलं तेवढंच करतं आणि माणूस सांगितलं ते सोडून बाकी सगळं करतो. लॉकडाऊनमध्ये कंपनीने त्याला घरी पाठवलं, तो घरीच राहिला. दुकान टाकलं, लग्नाच्या पत्रिका छापून दिल्या, शाळांचे प्रिंटर उघडले आणि बंद केले. हे सगळं निभावलं असतं. पण वाडीतल्या विहारात त्याने सर्व्हर बसवला आणि तिथून त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला.

वाडी सावर्ड्याहून आत, दुचाकीवर वीस मिनिटांवर. तिथल्या बौद्धजन मंडळाच्या, आपल्याकडे असतात तशा, दोन शाखा. एक ग्रामीण, एक मुंबई. विहारातली ट्यूबलाइट गेली तरी ग्रामीण शाखा ठराव करणार, मुंबई शाखा तो पुढच्या सभेत मंजूर करणार, आणि तोवर सगळे अंधारात वंदना म्हणणार. मुंबई शाखेचा चिटणीस राकेश. माणूस सज्जन, पण प्रत्येक गोष्टीत 'दोन्ही बाजूंनी विचार' करणारा. त्याच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातले चार त्याने विहाराशेजारच्या वाचनालयाला मिळवून दिले. सोबत एक मोठी डिस्कही आली. जुने फोटो, सभांची इतिवृत्तं, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ असं सगळं एका जागी असावं आणि कुठल्याही मशीनवरून, मोबाइलवरून उघडता यावं, अशी कल्पना. ती अमरदीपचीच होती. आता तो ते कबूल करत नाही.

चारातल्या एका मशीनवर त्याने विंडोजऐवजी लिनक्स चढवलं आणि त्यावर साम्बा बसवलं. साम्बा म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजच्या मशीनना आणि मोबाइलना दाखवणारा प्रोग्राम. दोन तासांचं काम. कॉन्फिग फाइलमध्ये दहा-बारा ओळी लिहायच्या, कोणतं फोल्डर, कुणाला वाचता येईल, कुणाला लिहिता येईल, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची, संपलं. त्या दोन तासांचे दोन महिने झाले.

आधी राकेशने फोनवरून सुचवलं की शाखा दोन तर फोल्डरही दोन हवेत. अमरदीपने 'ग्रामीण' आणि 'मुंबई' अशी दोन केली. मग म्हणे मुंबईच्या फोल्डरमध्ये फक्त मुंबईच्या लोकांनाच लिहिता यावं. मुंबईचे लोक वर्षातून दोनदा येतात, तेही जेवणाच्या वेळेला. तरी त्याने तसं करून दिलं. मग प्रत्येकाला त्याने वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला, कागदावर लिहून, घडी घालून, ज्याचा त्याच्या हातात. आठ दिवसांनी पाहतो तर सगळी वाडी 'बाबाजी' या एकाच नावाने आत शिरत होती. विचारलं तेव्हा जो तो निरागस चेहरा करून सांगू लागला की वाचनालयाची किल्ली बाबाजींकडे असते, म्हणून कॉम्प्युटरचीही त्यांच्याकडेच असणार. बाबाजींनी पण मोठ्या मनाने आपला पासवर्ड दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला होता.

हे बाबाजी म्हणजे मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे, शिस्तीचे गृहस्थ. काही वर्षांपूर्वी विहारावर वीज पडून टीव्ही आणि पंखे जळाले. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी मेन स्विच पाडतात आणि सगळ्या पिना बोर्डातून उपटून काढतात. मे असो, जानेवारी असो, आभाळ कोरडं ठणठणीत असो. सकाळी येऊन ज्या गरजेच्या वाटतील तेवढ्या परत लावतात. सर्व्हर असा एकाएकी बंद करू नये, हे अमरदीपने त्यांना हात जोडून सांगितलं, ओरडून सांगितलं. बाबाजींनी दर वेळी शांतपणे ऐकलं आणि संध्याकाळी मेन पाडला.

त्यातून नवी कटकट निघाली. डिस्कला वेगळी पिन होती. ती लावायची राहिली की डिस्क सापडेना, आणि डिस्क सापडेना की सर्व्हर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर वाट बघत बसायचा. मग सावर्ड्याला फोन. शेवटी वैतागून अमरदीपने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक शब्द घातला, की डिस्क असली तर घे, नसली तर तिच्यावाचून चालू हो. शिवाय कुणाला फाइल उघडत नाही, कुणाला जतन होत नाही, या रोजच्या रडगाण्याला कंटाळून त्याने डिस्कच्या फोल्डरवर सगळ्यांना सगळं करायची मुभा देऊन टाकली. सर्व्हर रूममध्ये असं कुणी केलं असतं तर त्याने त्याला बाहेर काढलं असतं. पण फोन थांबले. त्याला झोप लागू लागली.

आता विहिरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावर येऊन ठेपलं.

वाडीच्या खालच्या अंगाला जांभ्यात खोदलेली विहीर आहे. धम्मदीक्षेनंतर लोकांनी गावकीची जुनी कामं सोडली, तेव्हा गावाने पाणी तोडलं. मग वाडीने स्वतःची विहीर खणली. विहिरीवर एक दगड आहे, त्यावर नऊ नावं आहेत, नऊही पुरुषांची. मुंबई शाखेने तो दगड पाठवला होता. आणि गंमत अशी की विहीर खणली त्या उन्हाळ्यात त्या नवांतला एकही पुरुष गावात नव्हता. सगळे गिरणीत, गोदीत. जांभा फोडला तो बायांनी. हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं. त्या बायांच्या पायांत टोपली घेऊन लुडबुडणारी दहा वर्षांची पोर म्हणजे सुंदराबाई, तेवढी एक आता उरली होती.

रेणुका वाडीची अंगणवाडी सेविका. बोलते कमी, पण हातात घेतलं ते सोडत नाही. तिने फेब्रुवारीत सुंदराबाईंना विहिरीवर नेऊन बसवलं आणि मोबाइलवर सगळं बोलणं घेतलं. कोण कुठे उभी राहायची, कुणाच्या हातात पहार होती, कोण कुणाची कोण. अकरा बाया, अकरा नावं. घरी येऊन ते ऐकून तिने टाइप केलं, आणि आवाज व टाइप केलेला मजकूर दोन्ही सर्व्हरवर ठेवलं. व्हॉट्सअॅपवर फाइली फिरवायच्या नाहीत, सर्व्हर आहे तर सर्व्हरवरच टाका, हा अमरदीपचाच कडक नियम. तिचा मोबाइल पोषण आहाराच्या फोटोंनी तुंबलेला असतो. नावं जागेवर पोचली म्हणून तिने मोबाइलमधलं पुसून टाकलं.

दोन्ही शाखांनी चर्चा करकरून शेवटी मान्य केलं, की यंदाच्या बुद्धपौर्णिमेला विहिरीवर दुसरा दगड बसवायचा, बायांच्या नावांचा. चिपळूणच्या कोरणाऱ्याने बुधवारपर्यंत नावं मागितली. आदल्या रविवारी विहारात संयुक्त सभा भरली, राकेश मुंबईहून मुद्दाम आला. अमरदीपने सगळ्यांसमोर फाइल उघडायला घेतली, आणि फाइल नव्हती.

ग्रामीणमध्ये नाही, मुंबईत नाही, कुठेच नाही. त्याने नावाने शोधलं, तारखेने शोधलं, पुसलेल्या फाइली परत आणणारा प्रोग्राम चालवून पाहिला. दुकानातल्या दुसऱ्या डिस्कवर तो दर महिन्याला सगळ्याची एक प्रत घेतो, ती रात्री आणून बघतो म्हणाला, पण तिच्यातही नसणार हे त्याला कळलं होतं. कुणी काय केलं याची नोंद उघडली तर ओळीमागून ओळ बाबाजी, बाबाजी, बाबाजी. चाळीस माणसं सतरंजीवर बसून त्याच्या पाठीकडे बघत होती. घाम फुटला होता, आणि घाम फुटला की त्याची जीभ सुटते.

"सर्व्हरवर नाही म्हणजे टाकलेलीच नाही," तो म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही."

रेणुका उठून उभी राहिली, "टाकली होती," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. राकेशने घसा साफ केला आणि दोन्ही बाजूंनी विचार करून तोडगा काढला. खात्रीची नावं मिळाली नाहीत तर दगडावर 'गावच्या समस्त महिला' असं कोरावं, म्हणजे कुणी राहिलं असं व्हायला नको. पुरुष मंडळींनी माना डोलावल्या. अमरदीपला ते ऐकून कसंसंच झालं. नऊ बाप्ये नावानिशी आणि अकरा बाया समस्त. त्याने मशीन बंद करायला घेतलं.

रात्री दुकानातल्या प्रतीतही फाइल मिळाली नाही. सोमवारी सकाळी दुकान न उघडता तो सुंदराबाईंकडे गेला. त्यांनी बोटं मोडत नावं सांगायला सुरुवात केली. चिमा, भागी, राधी, जनी, येसू, सखू, मैना. सात झाली आणि गाडी अडली. ही सात त्यालाही माहीत होती, त्यांची नातवंडं वाडीत होती, चिमा तर त्याच्याच आजीची जाऊ. उरलेल्या चौघींचं मागे कुणी नव्हतं. कुणी निपुत्रिक गेली, कुणाचा वंश मुंबईत विरून गेला. त्यांची नावं या एका म्हातारीच्या डोक्यात होती, आणि फेब्रुवारीत त्या दिवशी विहिरीच्या काठावर पायऱ्या बघत बसल्यावर ती वर आली होती. आता येईनात. तिला रिक्षात घालून विहिरीवर नेलं, तरी येईनात. ती स्वतःवरच चिडली.

"सातच लिवनार आसशील तर नको लिवू," ती म्हणाली. "आकराच्या आकरा, न्हायतर येक बी नाय. त्या चौघींनी काय कमी दगड फोडला?"

मंगळवारी दुपारी, काही हाती लागणार नाही हे माहीत असूनही, अमरदीप वाचनालयात सर्व्हरसमोर बसला होता. उद्या सकाळी राकेश कोरणाऱ्याला 'समस्त महिला' कळवणार होता. अंगाची लाही होत होती, पंखा गरम वारा फेकत होता. तेवढ्यात बाबाजी पौर्णिमेसाठी माइक तपासायला आले. अॅम्प्लिफायर ठेवला, वायर सोडवली, भिंतीवरच्या बोर्डाकडे गेले आणि अमरदीपच्या डोळ्यांदेखत त्यांनी डिस्कची पिन उपटून तिथे अॅम्प्लिफायरची खुपसली.

अमरदीप खुर्चीतून उडालाच. चालू डिस्क, काका, चालू डिस्क! त्याने आयुष्यभराचा सगळा वैताग त्या एका पिनेवर काढला. मेन स्विच, खडूने लिहिलेला पासवर्ड, मुंबई, ग्रामीण, सगळं त्यात आलं. बाबाजी वायर हातात धरून उभे होते. त्याचं संपल्यावर ते म्हणाले, "माइकाची वायर ह्याच बोर्डाला पुरते. रमाई जयंतीला पन हितंच लावलेला. दिवसभर व्हता. तवा काय झालं तुज्या डिस्कीला?"

रमाई जयंती. सात फेब्रुवारी.

अमरदीप परत खुर्चीत बसला आणि हिशेब मांडू लागला. त्या दिवशी डिस्कची पिन निघालेली होती. मेन सकाळी लावला, सर्व्हर डिस्कवाचून चालू झाला, कारण त्यानेच त्याला तसं सांगून ठेवलं होतं. लिनक्समध्ये डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर बसवतात. डिस्क बसली की फोल्डरात डिस्कवरचं दिसतं. डिस्क नसली की नुसतं रिकामं फोल्डर दिसतं, आणि सगळ्यांना सगळं करायची मुभा असेल तर त्यातही फाइल ठेवता येते. दुसऱ्या दिवशी डिस्क परत त्यावर बसते आणि खाली ठेवलेलं झाकलं जातं. पुसलं जात नाही, हरवत नाही. फक्त दिसत नाही, आणि कुठल्याही शोधात सापडत नाही, कारण शोधणारा वरच्यावरच शोधतो. हे त्याला माहीत होतं. मुंबईत, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात, वरिष्ठाने त्याला हेच शिकवलं होतं.

आणि त्याला फोन आठवला. रमाई जयंतीच्या दिवशी दुपारी तो दुकानात एका शाळेचा प्रिंटर उघडून बसला होता, हात शाईने काळे झालेले. रेणुकाचा फोन आला. भाऊ, आत काहीच दिसत नाही, ग्रामीण नाही, मुंबई नाही, सगळं रिकामं आहे, काय करू? थांबलेलं रडगाणं पुन्हा सुरू झालं, असं त्याला वाटलं. तो म्हणाला होता, नसू दे, नवीन फोल्डर कर आणि टाक त्यात. आणि फोन ठेवून दिला होता.

त्याने डिस्क फोल्डरवरून उतरवायची एक ओळ टाइप केली. मग आत काय आहे ते विचारलं. आत एकच फोल्डर होतं, 'vihir' नावाचं, सात फेब्रुवारीचं. त्यात दोन फाइली.

बाबाजींनी विचारलं, सापडलं काय? अमरदीपने मान डोलावली. त्यांच्यावर ओरडल्याबद्दल माफी मागावी असं फार मनात आलं, पण बाबाजी तोवर माइकमध्ये फुंकर मारायला लागले होते.

दोन्ही फाइली त्याने पेन ड्राइव्हवर घेतल्या, मोबाइलवर घेतल्या, स्वतःला मेलही केल्या आणि तो रेणुकाच्या घरी गेला. ती पडवीत तांदूळ निवडत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डिस्क, फोल्डर, खालचं आणि वरचं. सांगताना त्याच्या लक्षात आलं, की तो पुन्हा मशीनबद्दलच बोलतोय. मग तो थांबला.

"मी फोन केला होता, भाऊ," रेणुका सुपावरून नजर न काढता म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "केला होतास. मीच ऐकलं नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन पाणी आणलं. तेवढ्यावर तिने मिटवलं. त्याचं मात्र मिटेना, म्हणून तिथेच पायरीवर बसून त्याने दोन्ही शाखांच्या ग्रुपवर लिहिलं, की फाइल रेणुकाने टाकली होती, चूक माझी होती, आणि रविवारी चाळीस माणसांत तिला जे बोललो ते खोटं होतं. लिहून झाल्यावर एकदा पुसलं, मग पुन्हा तसंच लिहिलं आणि पाठवलं.

दोघं सुंदराबाईंकडे गेले. मोबाइल मोठ्या आवाजात लावला. म्हातारी स्वतःचाच आवाज हनुवटी पुढे काढून ऐकत राहिली, कुणी परकी बाई गावच्या गोष्टी सांगतेय आणि ही तिच्या चुका काढायला बसलीय, अशी. गोदा आली तेव्हा तिने मांडीवर थाप मारली. मग ठकी, धोंडी, शेवटी पारू. त्यांच्या घराच्या जोत्यांच्या खुणा, कुणाचा हात पहारीने फुटला, कुणी शेवटचा दगड काढला, सगळं एका दमात आलं.

राकेशचा फोन आला. नावं मिळाल्याचा त्याला खरोखर आनंद झाला होता. फक्त एक होतं, म्हणाला, प्रत्येकीच्या नावापुढे नवऱ्याचंही नाव असावं, म्हणजे दगड पूर्ण वाटेल. अमरदीपने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण म्हातारीने मोबाइल आपल्याकडे ओढला.

"नवऱ्यांची नावं जुन्या दगडावर हायत," ती म्हणाली. "येकदा लिवली तेवडी बास."

राकेशने या एका गोष्टीत दुसऱ्या बाजूचा विचार केला नाही. बुधवारी सकाळी चिपळूणला अकरा नावं गेली.

मधल्या दिवसांत अमरदीपने सर्व्हर पुन्हा लावला. डिस्क नसेल तेव्हा खालच्या रिकाम्या फोल्डरात कुणालाही काही ठेवता येणार नाही, असं कुलूप घातलं. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. दारावरचा खडूचा पासवर्ड पुसला. दोन दिवसांनी तो परत लिहिलेला होता, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. डिस्कच्या पिनेवर त्याने लाल चिकटपट्टी गुंडाळून 'काढू नये' असं लिहिलं. बाबाजी ती लाल पट्टीसकट रोज संध्याकाळी काढतात.

पौर्णिमेला विहिरीवर सगळी वाडी जमली. विहारातून वायर खाली ओढून माइक लावला होता, अर्थात त्याच बोर्डावरून, आणि वर डिस्क बंद पडली होती. अमरदीपला ते माहीत होतं. तरी तो जागेवरच बसून राहिला. रेणुका एकेक नाव वाचत होती आणि त्या त्या घरातलं कुणीतरी पुढे येऊन दगडाशी फूल ठेवत होतं. चिमाच्या नावाला सहाजण आले, लहान मुलांसकट. मैनाची पणती मुंबईहून आली होती, तिला वाट करून द्यावी लागली. मग रेणुकाने वाचलं, "गोदा." कुणी उठलं नाही. माणसं इकडेतिकडे बघू लागली. रेणुका माइकसमोर थांबून राहिली.

सुंदराबाई पुढच्या खुर्चीत बसली होती. तिने मागे वळून काठीने अमरदीपच्या गुडघ्याला टोचलं.

"बसलायस काय? तीन म्हैने तुज्या खोक्यात व्हत्या ना त्या? जा, तूच जा."

तो उठला. कुणीतरी त्याच्या हातात फुलं दिली. गोदाच्या नावाशी त्याने एक ठेवलं आणि परत जागेवर जायला वळला, तर रेणुकाने पुढचं नाव वाचलं. मग तो तिथेच दगडाजवळ उभा राहिला, ठकी, धोंडी आणि पारू होईपर्यंत.